झीज

आमच्या दुकानात जुन्याचं नवं करून मिळतं.
एकोणचाळीस वर्षं पाटीवर हेच आहे,
मार्केट स्ट्रीट, पोस्टाच्या समोर.

मंगळवारी प्रचार कार्यालयातला पोरगा आला,
गळ्यात ओळखपत्र, काखेत खोका.
खोक्यात कागद, कागदात बूट:
तांबूस, जाड तळाचे, करकरीत,
किंमत माझ्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढी.
म्हणाला, "हे जुने करून द्या."

मला वाटलं, कान गेले.
"वायकॉफसाहेब सेनेटला उभे आहेत ना,
अख्खा ओहायो पायी फिरणार.
म्हणजे, गाडीतून उतरून पायी.
मागच्या फोटोत बूट फार चमकले,
लोक तेवढंच बोलत बसले."

वायकॉफ.
त्यांच्या कंपनीनं आमचा बेअरिंगचा कारखाना घेतला,
दोन वर्षं चालवला,
मग यंत्रं खोलून मेक्सिकोला धाडली.
माझा भाऊ मिलान तिथं भट्टीवर होता.
तेव्हापासून पोलादी नाकाचे बूट माझ्याकडे येईनात.
कामच नाही तर तळ कशाला झिजतील,
असं कुणालाही वाटेल.
उलट होतं. खरे जोडे लोकांनी तेव्हाच झिजवले:
भत्त्याची खिडकी, बँक, परत खिडकी,
कोलंबसच्या गोदामाबाहेरची पहाटेची रांग.
नवा तळ ठोकायला पैसे नव्हते, इतकंच.

पोराला हे काही बोललो नाही.
बावीसचा असेल. त्याचेच मोजे भिजले होते.
विचारलं, किती जुने हवेत?
त्यानं फोनमध्ये पाहिलं.
"सहा वर्षं. प्रामाणिक सहा वर्षं."

काचकागद आहे, तारेचा ब्रश आहे,
काळ्या चहाचं पाणी आहे, युक्त्या पुष्कळ.
पण आत आकडा पाहिला: दहा.
माझाच.

अकरा दिवस घातले.
शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासे तळायला उभा राहिलो,
डाव्या बुटावर तेल सांडलं, पुसलं नाही.
इस्पितळात बिलाचा हप्ता भरायला चार मजले चढलो,
लिफ्ट बंद होती.
वेरोनिकाच्या थडग्यावरचा बर्फ बुटानंच सारला.
मिलानकडे गेलो. त्यानं बूट पाहिले,
म्हणाला, लॉटरी लागली का रे?
कारखान्याच्या फाटकापाशी उगीच थांबलो,
आत आता गवत आहे, आणि एक हरीण.

माझा डावा गुडघा वाकत नाही.
डावी टाच मी बाहेरच्या अंगानं खातो,
पायात जे असेल त्याची.

बिलावर काय लिहू, विचारलं.
पोरगा म्हणाला, "दुरुस्ती."

मार्चमध्ये न्हाव्याकडे टीव्हीवर दिसले ते,
त्याच फाटकापाशी, एक हात जाळीवर.
कामगारांबद्दल बोलत होते, छान बोलत होते.
मी बुटांकडे बघत होतो.
दर पावलाला डावीकडे कलत होते साहेब,
जरासेच,
माझ्यासारखे.
न्हावी म्हणाला, बघ, चालून चालून पाय दुखले बिचाऱ्याचे.

परवा पोरगा परत आला, तोच खोका.
"तिसऱ्या काउंटीपासून गुडघा धरलाय त्यांचा.
डावी टाच सरळ करून द्या."
मी बूट ऐरणीवर उलटा घातला.
म्हटलं, करतो. पण नवी टाच फोटोत नवी दिसेल.
तो बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलला,
बराच वेळ, पावसात.
आत येऊन म्हणाला, "मग राहू द्या."

जायला निघाला तेव्हा फरशीवर त्याच्या पावलांचं पाणी.
उजव्या तळाला बोटभर चीर.
काढ ते, म्हटलं. बस इथे.
बसला हीटरजवळ, मोजे काठीवर टाकून,
पाय पोटाशी घेऊन,
फोन वाजत होता, उचलत नव्हता.